ती आली नाही, मग तिचं सोंग कोण घेणार?



मागच्या दोन वेळी आपण बँकेच्या कर्जाचं बोललो, शेळ्यांच्या लसीचं बोललो. आज आम्ही एका खेळाबद्दल बोलणार आहोत. "खेळाचं काय बोलायचं, ताई?" असं कुणी म्हणेल. पण ज्यांच्या घरी बारा ते सोळा वर्षांच्या मुली आहेत, त्यांनी जरा रेडिओजवळ सरकून बसा.

आमच्याकडे दर शनिवारी दुपारी अंगणवाडीच्या खोलीत सात मुली गोल करून बसतात. मदतनीस मावशी किल्ली देतात. चटईवर लुडोचे दोन फासे, मूठभर चिंचोके आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा असतो. डब्यात सात पुठ्ठ्याची कार्डं. प्रत्येक कार्डावर एक सोंग. सोंग म्हणजे भारुडात असतं तसं. मुलगी आपली घरचीच, पण खेळात ती कुणी दुसरीच होते. एकीचं सोंग बिजली, ती धनुष्यवाली. एकीचं सोनकी, तिला झाडपाल्याची औषधं कळतात. एकीची धोंडाई, ती ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढे उभी राहते. आणि एकीची मैना, ती कुठलंही कुलूप उघडते. मुलींची खरी नावं आम्ही सांगणार नाही, सोंगांचीच सांगू.

खेळ असा. एकजण सूत्रधार होते आणि गोष्ट सुरू करते. गावाच्या विहिरीचं पाणी कुणीतरी पळवलंय, ते आणायला या सातजणी घाटापलीकडे निघाल्यात. सूत्रधार म्हणते, "पुढे नदी आहे, पूर आलाय. काय करता?" मग मुली आपापसात बोलतात. एक म्हणते पोहून जाऊ, एक म्हणते दोर बांधू. जमेल की नाही ते फासे सांगतात. दोन फाशांची बेरीज सात किंवा जास्त आली तर जमलं. दोन फासे छत्तीस तऱ्हांनी पडू शकतात, त्यातल्या 21 वेळा सात किंवा जास्त येतं. हे गणित आमच्या आठवीतल्या एका पोरीने वहीत मांडून दाखवलं. शाळेत तिला गणितात किती मार्क पडतात ते विचारू नका.

या खेळात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. एका शनिवारी गोष्ट जिथे थांबते तिथून पुढच्या शनिवारी सुरू होते, आणि अशी महिनोन्‌महिने चालते.

हा खेळ मूळचा आपला नव्हे. अमेरिकेत 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी डन्जन्स अँड ड्रॅगन्स नावाचा खेळ काढला. तिथून हा प्रकार जगभर गेला. त्यांच्या खेळात वीस बाजूंचा फासा असतो. आमच्यातल्या एकीची भाची पुण्याला कॉलेजात आहे, ती मैत्रिणींबरोबर हा खेळते. दिवाळीच्या सुट्टीत आली आणि पोरींना शिकवून गेली. ती परत गेल्यावर मुली आमच्या मागे लागल्या, "ताई, आता तुम्ही सूत्रधार व्हा." आम्हाला वाटलं, बचतगटाच्या बैठका चालवणाऱ्या आम्ही, सात पोरींचा खेळ चालवायला काय अवघड आहे?

अवघड निघालं ते एकाच बाबतीत. सातच्या सात मुली कधी येतच नाहीत.

कबड्डीत एक कमी पडली तर दुसरी घेता येते. इथं तसं नाही. मागच्या शनिवारी सोनकी गुहेच्या तोंडाशी मशाल धरून उभी होती आणि या शनिवारी सोनकीची मुलगी कापूस वेचायला गेली. आता मशाल कुणाच्या हातात? सोनकी गुहेत गेली की बाहेर थांबली? अस्वल अंगावर आलं तर औषध कोण लावणार? मुली आमच्याकडे बघायच्या आणि आम्ही भाचीला फोन लावायचो. तिच्याकडे म्हणे हीच रड आहे. कुणाची परीक्षा असते, कुणी गावी गेलेलं असतं.

आम्हाला सवय बचतगटाची. गैरहजर राहिली की दंड. म्हणून पहिला नियम आम्ही तोच केला. जी येणार नाही तिच्या सोंगाच्या थैलीतले पाच चिंचोके कमी. चिंचोके म्हणजे खेळातल्या मोहरा. तीन शनिवार हा नियम चालला. चौथ्या शनिवारी धोंडाईवाली मुलगी आली आणि कार्ड बघून म्हणाली, "ताई, माय बाजारला गेली होती, भाऊ लहान आहे, मी कशी येणार? धोंडाईचे पैसे का गेले?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. गटातली बाई बैठक चुकवते तेव्हा पुष्कळदा ते तिच्या हातात असतं. या मुलींच्या हातात काय आहे? खुरपणी, लहान भावंडं, पाहुणे, आणि काही घरांत पाळीचे चार दिवस. दंड रद्द केला, चिंचोके परत दिले.

मग ठरलं की जी नसेल तिचं सोंग दुसरीने घ्यायचं. भाचीच्या मंडळींत हे चालतं. आमच्याकडेही थोडे दिवस बरं चाललं. पण हळूहळू लक्षात आलं की मुली स्वतःच्या सोंगाला जपतात आणि दुसरीच्या सोंगाला पुढे ढकलतात. अंधारात आधी कोण जाणार? जी आज आली नाही तिची सोनकी. विषारी फळ चाखून कोण बघणार? सोनकीच. बिजलीचे बाण संपले, तर मैनाच्या थैलीतून मोहरा काढून बाण घेतले, आणि मैनावाली त्या दिवशी नव्हती. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. आपली वस्तू आणि दुसऱ्याची वस्तू यांत माणूस फरक करतंच, उसनी आणलेली पाटी आपण कशी आपटतो बघा.

आणि मग तो शनिवार आला.

गोष्टीत मुली एका गढीच्या दारात पोहोचल्या होत्या. किल्लेदार दार उघडेना. कुलूप उघडणारी मैना, पण मैनावाली मुलगी आली नव्हती. घरी पाहुणे आहेत एवढाच निरोप होता. एक मुलगी किल्लेदाराला म्हणाली, "दार उघडा, आमची मैना तुमच्या मुलाला देऊन टाकतो." सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. फासे टाकले, अकरा पडले. किल्लेदार खूश, दार उघडलं, मैना गढीत राहिली आणि बाकीच्या पुढे गेल्या. त्या दिवसाचा खेळ फार रंगला असं आम्ही वहीत लिहिलं सुद्धा.

पुढच्या शनिवारी मैनावाली आली. मुलींनी हसत हसत तिला सांगितलं. ती हसली नाही. तिने कार्ड उलटं ठेवलं आणि उंबऱ्यात जाऊन बसली. बऱ्याच वेळाने एवढंच म्हणाली, "मला विचारलं का?"

आधी आम्हाला वाटलं, पोर हळवी आहे. खेळातलं लग्न ते, त्याचं एवढं काय. त्याच आठवड्यात तिच्या आईच्या गटाची बैठक होती. तिथं कळलं की ज्या शनिवारी ती खेळायला आली नाही, त्या शनिवारी घरी आलेले पाहुणे तिलाच बघायला आले होते. मुलगी पंधरा वर्षांची. आम्ही तिच्या आईशी वेगळं बसून बोललो. 2006 चा कायदा सांगितला, मुलीचं वय अठरा पुरं पाहिजे हे सांगितलं, 1098 हा नंबर कशासाठी असतो तेही सांगितलं. पुढे घरातून पाहुण्यांना निरोप गेला की बारावी झाल्याशिवाय बघायचं नाही. हे आमच्या खेळामुळे झालं असं आम्ही म्हणणार नाही. तिची आईच खमकी निघाली. पण आम्ही ज्या गोष्टीला हसलो होतो, ती आठवून आजही खाली बघावंसं वाटतं.

त्या बैठकीत एक म्हाताऱ्या आजी बसल्या होत्या. त्यांना आम्ही सगळा खेळाचा प्रकार सांगितला. त्या म्हणाल्या, "आगं, द्रौपदी तरी कुठं होती सभेत? ती आत होती. तिला न इचारताच पणाला लावली. फासे तवाबी चांगलेच पडले होते कुणाचे तरी." आम्ही बीए शिकलेल्या, पण हे आम्हाला सुचलं नव्हतं.

आता चुकलेली गोष्ट दुरुस्त कशी करायची? मुलींत दोन तट पडले. काही म्हणाल्या, झालं ते पुसून टाकू, ते झालंच नाही असं धरू. असं करता येतं, भाचीकडेही करतात. काही म्हणाल्या, गढीचं दार उघडलं ते तर झालंच ना, पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. शेवटी आम्ही मैनावालीलाच विचारलं, तुला काय पाहिजे. ती थोडा वेळ गप्प बसली. मग कार्ड सुलटं केलं आणि स्वतःच गोष्ट सांगायला लागली. मैना गढीत राहिली ती मुद्दाम. रात्री किल्लेदाराच्या कमरेच्या किल्ल्या काढल्या, तळघरातल्या बायकांना सोडवलं, त्यांना घेऊन मागच्या भिंतीवरून उतरली आणि पहाटे घाटात सगळ्यांना येऊन मिळाली. पुष्कळ धाडसाचं काम होतं, नियमाने तीन-चार वेळा तरी फासे टाकायला हवे होते. त्या दिवशी आम्ही फासा मागितला नाही.

त्यानंतर आमचा आताचा रिवाज बसला. प्रत्येक कार्डाच्या मागच्या बाजूला मुलीने स्वतः लिहायचं, "मी नसताना." खाली तीन गोष्टी. माझं सोंग काय करेल, काय करणार नाही आणि गरज पडली तर तिच्यातर्फे कोण बोलेल. हे आधी लिहायचं, गैरहजर राहायची वेळ यायच्या आत. कारण एकदा ती घरी अडकली की तिला विचारणार कोण, फोन तर भावाकडे असतो.

पोरींनी काय काय लिहिलंय ते वाचण्यासारखं आहे. सोनकीच्या मागे लिहिलंय, "जखमेवर औषध लावेल. फळ चाखणार नाही. झोपली तर उठवू नका." धोंडाई म्हणते, "ढाल धरेल पण सगळ्यात पुढे उभी करू नका, मधे ठेवा." मैनाच्या मागे एकच ओळ आहे, "कुणाला द्यायची नाही."

गटात आपण काय करतो? जी बाई बैठकीला नाही, तिची बचत शेजारणीच्या हाती आली तर घेतो, वहीत मांडतो. पण तिच्या नावाने कर्ज उचलत नाही आणि ठरावावर तिच्या जागी दुसरी सही करत नाही. निदान करू नये. आम्ही पोरींना हेच उदाहरण दिलं. नेहमीचं, साधं काम तिच्या सोंगाने करावं. तिच्या जिवाचं, तिच्या थैलीचं, तिच्या आयुष्याचं काही असेल तर ती येईपर्यंत थांबायचं. तिच्या पाठीमागे तिचं सोंग मरणार नाही, हे तर पहिल्या दिवसापासूनच ठरायला हवं होतं.

यात सूत्रधाराला एक युक्ती लागते. ती भाचीने सांगितली. खेळ कधीही मारामारीच्या मधे थांबवायचा नाही, मुक्कामावर आणून सोडायचा. धर्मशाळा, विहीर, एखाद्या म्हातारीचं घर, काहीही. म्हणजे पुढच्या शनिवारी जी आली नाही तिचं सोंग मुक्कामालाच थांबलं असं म्हणता येतं. तिला ताप आला, तिने बैल राखले, काहीही कारण चालतं. अमेरिकेत बेन रॉबिन्स नावाच्या एका सूत्रधाराने तर खेळच असा रचला होता की दर वेळी जे हजर असतील त्यांनी गावातून निघायचं आणि खेळ संपताना गावात परत यायचं. वेस्ट मार्चेस म्हणतात त्याला. पण रोज गावात परत यायचं तर आमच्या पोरींचं पाणी कधी आणून व्हायचं? म्हणून आम्ही फक्त मुक्काम घेतला.

राहिली किरकोळ गोष्ट, वाट्याची. सापडलेलं धन हजर असणाऱ्यांनी वाटून घ्यायचं, पण अंगची ताकद सगळ्यांची बरोबरीने वाढवायची. यावर भांडणं झाली, पुढेही होतील. चार मुली नसतील तर मोठी गोष्ट पुढे न्यायची नाही, त्या दिवशी भेंड्या. आणि जी परत येते तिला बाकीच्यांनी पाच मिनिटांत मागचं सगळं सांगायचं. ते पाच मिनिटांत कधीच होत नाही, सगळ्या एकदम बोलतात.

एका शनिवारचं असं भागलं. पण आमचा भाग ऊसतोडीचा. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या निघतात, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने, घरं कुलुपात. ज्यांच्या घरी आजी आहे त्या मुली मागे राहतात. बाकीच्या जातात. फडात पाचट बांधू लागतात, कोपीवर लहान भावंड सांभाळतात. आमच्या सातातल्या दोघी गेल्या, बिजलीवाली आणि धोंडाईवाली. आता सहा महिने बिजली आजारी आहे असं कसं सांगणार? एवढा ताप कुणाला येतो?

जायच्या आदल्या दिवशी दोघींना बोलावलं. भाचीचा नियम होता की लांब जाणाऱ्याचं सोंग गोष्टीतून मानाने बाजूला करावं. पण बिजलीवालीनेच तोडगा काढला. ती म्हणाली, "मी जाते तिकडंच बिजली पण जाईल. पुढं जाऊन वाट बघून येईल." म्हणजे बिजली झाली टेहळणीवाली. मग फोनला रिचार्ज असेल आणि बापाचा फोन हातात मिळेल तेव्हा तिचा आवाज यायचा. तिने उसाच्या फडाचं नाव कधी घेतलं नाही. बिजलीला माणसाहून उंच गवत लागलं. गवतात पिवळे डोळे दिसले, बिजली हलली नाही. फडात बिबट्या निघतो हे आपल्याला ठाऊकच आहे. बिजली रात्री दोनला उठली, लोखंडाच्या मोठ्या जनावराच्या पाठीवर हिरवे भारे चढवले. तो ट्रक. मुली तो निरोप चार-चार वेळा ऐकायच्या आणि सूत्रधाराच्या वहीत नकाशा काढायच्या.

संक्रांतीनंतर तिचे निरोप बंद झाले. मुली म्हणाल्या, "ताई, बिजली मेली का?" आम्ही म्हटलं, निरोप आला नाही एवढंच कळलंय, तेवढंच लिहा. वहीत तसंच लिहिलं.

पाडव्याच्या सुमारास टोळी परतली आणि पुढच्या शनिवारी ती दारात उभी. तळहात चिरलेले, रंग रापलेला. वर्गात मागे पडली होती, त्याचं शाळेत बोलणं व्हायचं होतं. पण अंगणवाडीच्या खोलीत तिच्यासाठी मधली जागा सोडलेली होती, कारण पुढच्या वाटेची माहिती फक्त बिजलीला होती. राक्षसाच्या तळ्यापर्यंत जाताना मुलींनी दर वळणावर तिला विचारलं. दोन तास तीच बोलत होती.

धोंडाईवाली आली नाही. तिला परस्पर मामाच्या गावी ठेवलंय. तिथंच शाळेत घातली असं तिची आई सांगते, आणि आम्ही तिकडच्या आमच्या ओळखीच्या ताईंना बघून यायला सांगितलंय. इकडे एक नवी मुलगी खेळायला येऊ लागली. तिचा डोळा धोंडाईच्या कार्डावर. ढाल आहे ना तिच्याकडे! मुली म्हणाल्या, देऊन टाकू, ती काही आता येत नाही. मग मैनावालीच म्हणाली, "विचारा की तिला."

मामाच्या फोनवर तीन वेळा लावला, चौथ्यांदा ती मिळाली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ढाल द्या तिला. धोंडाई नका देऊ."

नव्या मुलीने स्वतःचं नवं सोंग केलंय, नाव अजून ठरायचंय. ढाल तिच्याकडे आहे. धोंडाईचं कार्ड डब्यात आहे, मुक्कामाला.

तुमच्या गावात मुलींचा असा गट बसवायचा असेल तर कार्डाचा नमुना ग्रामसंघाच्या कार्यालयात ठेवलाय. पुठ्ठा लग्नपत्रिकांचा चालतो, मागची बाजू कोरी असली पाहिजे.